नदी नावाची नदी

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला मात्र एक नदी अशी आहे की तिचं मूळ सगळ्यांना ठाऊक होतं, मुखही ठाऊक होतं. प्रश्न मधल्या रस्त्याचा होता. तो शोधायला माणसांना दोन हजार वर्षं लागली आणि काम अजून पुरतं संपलेलं नाही.

नदीचं नाव रेका. स्लोव्हेनी भाषेत ‘रेका’ म्हणजे नुसतंच नदी. वेगळं नाव ठेवायची गरज पडली नसावी. ज्या पठाराकडे ती जाते, त्यावर दुसरी नदीच नाही. स्नेझ्निक डोंगराच्या पायथ्याशी तिचा उगम होतो. पन्नासेक किलोमीटर ती चारचौघींसारखी वाहते, गिरण्या फिरवते, कुरणं भिजवते. मग खालचा खडक बदलतो, चुनखडी सुरू होते आणि श्कोत्स्यान नावाच्या वाडीखाली ती कड्याच्या पोटात शिरते. वर घरं आणि चर्चचा मनोरा, खाली पाण्याची गर्जना. पुढे दोन अजस्र खड्ड्यांच्या तळाशी ती क्षणभर उजेडात येते आणि मग जी जाते ती जातेच.

तिथून वायव्येला, सरळ रेषेत सुमारे पस्तीस किलोमीटरवर, इटलीतल्या दुइनो गावाजवळ एका खडकाच्या बुडातून भरलेली नदी वर येते. लहान झरा, मग ओढा, मग नदी असा प्रकारच नाही. बाहेर येते तीच पात्र भरून. दोनेक किलोमीटर वाहून ती समुद्राला मिळते. हिचं नाव तिमावो.

खाली गेलेली ती हीच का, हा प्रश्न ग्रीक-रोमन काळापासूनचा. भूगोलकार स्ट्राबोने आपल्या ग्रंथात पोसिडोनियसच्या हवाल्याने लिहून ठेवलंय की डोंगरातून येणारी नदी एका विवरात पडते, 130 स्टेडिया जमिनीखालून वाहते आणि समुद्राकाठी पुन्हा प्रकटते. व्हर्जिलच्या ‘ईनीड’मध्येही नऊ मुखांनी उसळणारी तिमावो येते. म्हणजे उत्तराचा अंदाज जुनाच होता, पुरावा नव्हता. आणि पुरावा मिळवायला कुणीतरी खाली उतरणं भाग होतं. पण उगाच कोण उतरेल? अखेर माणसं उतरली ती तहानेपोटी.

पाण्याचं पठार, पाण्याविना

आपल्या सह्याद्रीत लेणी म्हटली की छिन्नी-हातोडा आठवतो. बेसाल्टचा काळा कातळ माणसांनी फोडला, तेव्हा कार्ले-अजिंठा झालं. चुनखडीच्या मुलखात हे काम पाणी करतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. चुनखडी या पाण्यात विरघळते; अगदी हळू, पण थांबल्याशिवाय. भेगेची फट होते, फटीची नळी, नळीचा बोगदा. छताला आधार उरला नाही की ते कोसळतं आणि वर जमिनीत वाडग्यासारखा खड्डा पडतो. स्लोव्हेनी लोक त्याला डोलिना म्हणतात. आत ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना पुन्हा साचतो आणि छतावरून झुंबरं उतरतात, जमिनीतून खांब वर येतात.

त्रिएस्ते शहराच्या पाठीशी असलेल्या या पठाराला स्लोव्हेनी भाषेत क्रास म्हणतात, जर्मनमध्ये कार्स्ट. इथे पाऊस कमी पडतो असं नाही, भरपूर पडतो. पण पडलेला थेंब वर टिकत नाही. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हे आपण संशयाने म्हणतो. इथे ते शब्दशः खरं होतं. शेतकरी छपरावरचं पाणी दगडी टाक्यांत साठवायचे, गुरांसाठी खळग्यांना चिकणमाती लिंपून तळी करायचे आणि डोलिनांच्या तळाशी साचलेल्या लाल मातीत शेती करायचे. पायाखाली अख्खी नदी वाहत असताना वर हंडाभर पाण्याची वानवा, हा त्या पठाराचा स्वभाव.

येणारं-जाणारं तळं

या मुलखाचं गूढ युरोपच्या विद्वानांपर्यंत पहिल्यांदा नीट पोचवलं ते यानेझ वायकार्ड वाल्वाझोर या सरदाराने. 1641 मध्ये ल्युब्ल्यानात जन्मलेला हा गृहस्थ सैनिक होता, नकाशे काढायचा, पुस्तकं गोळा करायचा आणि ऐकीव गोष्ट शक्यतो स्वतः जाऊन पाहायची असा त्याचा हट्ट होता. त्याला जगभर नाव मिळवून दिलं ते श्कोत्स्यानच्या पूर्वेला असलेल्या त्सेर्क्नित्साच्या तळ्याने.

हे तळं भरलं की पंचवीस चौरस किलोमीटरच्या वर पसरतं. कोरड्या दिवसांत ते नाहीसं होतं. एकाच जागी, एकाच वर्षात लोक मासे धरतात, गवत कापतात आणि शिकारही करतात. पाणी जातं ते तळातल्या भोकांतून. गावकऱ्यांनी एकेका भोकाला नाव दिलेलं. एकाचं नाव रेशेतो, म्हणजे चाळण. दुसऱ्याचं बोब्नारित्सा, म्हणजे ढोल वाजवणारी, कारण पाणी जमिनीखाली चढू-उतरू लागलं की तिथून ढोलासारखा घुमणारा आवाज येतो. या नावांतच तळ्याचं अर्धं शास्त्र होतं. कुठलं भोक आधी आटतं, कुठलं नंतर, याचा क्रम कोळ्यांना पाठ होता. पाणी उतरू लागलं की घंटा वाजायची आणि बाया-पुरुष अंगावरच्या कपड्यांचीही पर्वा न करता मासे गोळा करायला धावायचे, असं वाल्वाझोरने नोंदवलंय.

त्याने या तळ्याचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला धाडलं. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅलीने तिथे तळ्याची प्रतिकृती करून दाखवली आणि 1687 मध्ये वाल्वाझोर सोसायटीचा सदस्य झाला. त्याचं स्पष्टीकरण मात्र चुकलं होतं. डोंगराच्या पोटात दुसरं तळं आहे आणि वाकड्या नळ्यांतून, वक्रनलिकेच्या तत्त्वाने, पाणी इकडून तिकडे खेचलं जातं, असं त्याला वाटे. पण त्याने गावकऱ्यांचं निरीक्षण खोटं ठरवलं नाही, त्यावर विचार रचला. चुकीचं उत्तरही नेमक्या प्रश्नाला दिलेलं असलं की पुढच्याला उपयोगी पडतं. 1781 मध्ये टोबियास ग्रुबर या जेझुइट अभियंत्याने खरं कारण मांडलं. आजूबाजूच्या डोंगरांत पडलेला पाऊस भेगांतून झिरपून येतो आणि निचऱ्याची भोकं तेवढ्या वेगाने पाणी वाहून नेऊ शकत नाहीत, म्हणून तळं भरतं. आवक थांबली की रिकामं होतं. आपल्या न्हाणीघराच्या मोरीसारखाच हिशोब.

1689 मध्ये वाल्वाझोरने ‘क्राइन डचीचा गौरव’ हा ग्रंथ न्यूरेंबर्गला छापला. चार खंड, साडेतीन हजारांवर पानं, पाचशेहून जास्त चित्रं. त्यात गडप होणारी रेका आहे आणि व्र्हनिकाजवळची एक कथाही आहे. तिथला एक झरा थांबून थांबून उसळायचा. आत ड्रॅगन राहतो आणि पाणी वाढलं की त्याची पिल्लं बाहेर फेकली जातात, असं लोक म्हणत. वाल्वाझोरने लिहिलं की हे ‘पिल्लू’ म्हणजे वीतभर लांबीचा, पालीसारखा जीव आहे, ड्रॅगन वगैरे काही नाही. तोच आजचा प्रोटियस. फिकट गुलाबी कातडीचा, आंधळा, आयुष्यभर कल्ल्यांनी श्वास घेणारा गुहेतला उभयचर. 1768 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं.

या ग्रंथाने वाल्वाझोरचं दिवाळं वाजलं. ग्रंथसंग्रह झाग्रेबच्या बिशपला विकावा लागला, मग बोगेन्श्पेर्कचा किल्लाही गेला. 1693 मध्ये क्रश्को गावी तो वारला.

दिवा लावणारा लुका

पुढची शंभरेक वर्षं गुहांचं कुतूहल वाढत गेलं, पण ते दारापाशीच घुटमळत होतं. 1818 मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फ्रान्सिस पोस्तोय्नाची गुहा पाहायला येणार होता. ओळखीच्या भागात दिव्यांची तयारी चालली असताना लुका चेच नावाचा स्थानिक माणूस एका भिंतीवर चढला आणि पलीकडे दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने तो परतला, तेव्हा पलीकडे अफाट दालनं आहेत हे कळलं. पुढच्याच वर्षी गुहा लोकांना खुली झाली. 1872 मध्ये आत रूळ टाकले गेले. पाहुणे गाडीत बसायचे आणि गाडी माणसं ढकलायची. 1884 मध्ये विजेचे दिवेही लागले.

शोधाचं श्रेय मात्र कागदोपत्री बराच काळ वरच्या अधिकाऱ्यांकडे राहिलं. 1831 मध्ये याच लुकाला गुहेत एक विलक्षण किडा सापडला. डोळे नाहीत, पाय कोळ्यासारखे लांब, पोट फुग्यासारखं. गुहेतच जगणारा म्हणून ओळखला गेलेला हा पहिला भुंगेरा. 1832 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि नाव देताना सन्मान मिळाला काउंट होहेनवार्टला, ज्याने तो किडा अभ्यासकाच्या हाती दिला होता. भिंतीवर चढणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

त्रिएस्तेची तहान

पण कुतूहलापोटी माणूस किती खोल जाईल यालाही मर्यादा असते. ती मर्यादा त्रिएस्तेने मोडली.

1719 मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सने त्रिएस्ते हे जकातमुक्त बंदर जाहीर केलं. पाच-सहा हजार वस्तीचं गाव हाब्सबुर्ग साम्राज्याचं समुद्रद्वार झालं. गोदामं, पेढ्या, जहाजबांधणी वाढली. माणसांचा ओघ लागला. मारिया तेरेसाच्या काळात बांधलेला जलमार्ग एकोणिसाव्या शतकात अपुरा पडू लागला. शहराच्या पाठीवर पठार, त्या पठाराच्या पोटात कुठेतरी नदी. ती हाती लागली तर प्रश्न मिटेल, हा विचार डोक्यात येणं साहजिकच होतं.

तो ध्यास घेतला अँटोन फ्रीडरिश लिंडनर नावाच्या माणसाने. आधी पाद्रिचानोजवळच्या एका विवरात दोनशे मीटरच्या वर खोल जाऊन पाहिलं, पाणी नव्हतं. मग त्रेबिचानो गावाजवळची एक गोष्ट त्याने हेरली. मोठा पाऊस झाला की तिथल्या एका डोलिनेतल्या फटींमधून जोरात वारा सुटायचा, शिट्टी वाजावी तसा. गावकऱ्यांना हे नवं नव्हतं. लिंडनरने त्याचा अर्थ लावला. पुरात खालची नदी फुगते, बंद पोकळीतली हवा दाबली जाते आणि मिळेल त्या फटीतून वर निसटते. म्हणजे वारा सुटतो तिथे खाली पाणी असलंच पाहिजे. पिचकारीचा दट्ट्या दाबावा, तसं हे. दट्ट्या म्हणजे नदी.

खोदकाम सुरू झालं. खाणकामगार आणि गावातली माणसं फट रुंद करत खाली सरकायची. एक उभं विवर संपलं की तळाशी दगडगोटे भरलेले. ते उपसायचे, वारा कुठून येतो ते बघायचं, पुढची भेग फोडायची, शिडी लावायची. एकाखाली एक अशी डझनभर विवरं. दिव्याची ज्योत जिकडे झुकते त्याच्या उलट दिशेला छिन्नी. अकरा महिने हे चाललं. 6 एप्रिल 1841 रोजी गावचा लुका क्राल आणि खाणकामगार अँटोनिओ अरिच अखेरच्या विवरातून उतरले आणि त्यांचे पाय वाळूला लागले. समोर प्रचंड दालन होतं, वाळूच्या टेकड्या होत्या आणि दालनाच्या तळाशी काळं पाणी वाहत होतं.

ते 329 मीटर खाली होते. माणूस तोवर कुठल्याच गुहेत इतका खोल गेला नव्हता आणि हा विक्रम जवळपास सत्तर वर्षं टिकला.

आणि तरीही मोहीम फसली. हिशोब साधा होता. विवराचं तोंड समुद्रसपाटीपासून 341 मीटरवर, खोली 329 मीटर. म्हणजे नदी समुद्रापेक्षा जेमतेम बारा मीटर उंचीवर. शहराला उताराने पाणी आणायचं तर बोगदा जवळजवळ समुद्राच्या पातळीवरूनच काढावा लागणार आणि शहर तर चढावर वसलेलं. वर उपसायचं तर तीनशे मीटरचा उपसा, तोही त्या काळच्या वाफेच्या यंत्रांनी. नदी सापडली होती. पाणी सापडलं नव्हतं. त्याच वर्षी लिंडनर क्षयाने वारला.

धबधब्यांची मोजणी

दुसरी वाट नदीच्या मागोमाग जाण्याची. जिथे ती आत शिरते तिथूनच होडी घालायची. श्कोत्स्यानच्या मोठ्या डोलिनेत उतरायला 1823 मध्ये पायऱ्या झाल्या होत्या. 1840 च्या सुमारास त्रिएस्तेचा विहिरी-नळांचा कारागीर स्वेतिना होडी घेऊन आत गेला; तिसऱ्या धबधब्यापाशी थांबला. 1851 मध्ये व्हिएन्नाहून आडोल्फ श्मिडल आला. सोबत इद्रियाच्या पाऱ्याच्या खाणीतला मोजणीदार रुडॉल्फ आणि खाणकामगार. ते सहाव्या धबधब्यापर्यंत पोचले, पण अचानक पाणी चढलं आणि शिड्या, सामान वाहून गेलं. श्मिडलने 1854 मध्ये या मुलखातल्या गुहांवर ग्रंथ लिहिला आणि गुहा मोजून, नकाशा काढून, तापमान टिपून पाहायची शिस्त घालून दिली.

एव्हाना त्रिएस्तेची निकड वेगळ्या मार्गाने काहीशी भागली होती. 1857 मध्ये व्हिएन्नाहून येणारा लोहमार्ग शहरात पोचला. इंजिनांनाही पाणी लागायचं. समुद्रकाठच्या औरिझिना झऱ्यांचं पाणी पंपाने चढवून रेल्वेला आणि शहराला देण्यात आलं. गुहेत उतरायचं मूळ कारण निम्मं संपलं, पण उतरणारे थांबले नाहीत. तहान होती ती आता वेगळीच.

1883 मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन गिर्यारोहण संघाच्या त्रिएस्ते शाखेने गुहासंशोधनाचा विभाग काढला. पुढच्याच वर्षी अँटोन हांके, योसेफ मारिनिच आणि फ्रीडरिश म्युलर या तिघांनी श्कोत्स्यानचं काम हाती घेतलं. तिघेही हौशी, गुहा हा त्यांचा धंदा नव्हता. सोबत असायचे आसपासच्या वाड्यांतले शेतकरी, ज्यांचे हात दगडाला सरावलेले.

काम कसं चालायचं ते डोळ्यांसमोर आणून पाहण्यासारखं आहे. भूमिगत दरी शंभर मीटरच्या आसपास उंच, तळाशी फेसाळती नदी. लाकडी होडी दोरांनी धबधब्याखाली उतरवायची. मेणबत्तीने चार हातांपलीकडचं दिसत नाही, म्हणून मॅग्नेशियमची तार पेटवायची. क्षणभर पांढराफेक उजेड, तेवढ्यात काय दिसेल ते. आणि सगळ्यात मोठी धास्ती पुराची. वर डोंगरात पाऊस पडला तर आत कळणार कसं? म्हणून गावकऱ्यांनी भिंतीत लोखंडी खुंट्या ठोकल्या, कड्यावर पाऊलभर रुंदीच्या पायऱ्या खोदल्या. पाणी चढलं तर वर पळायला वाट हवी. त्या पायऱ्या आजही दिसतात. पर्यटकांच्या कठडा लावलेल्या रस्त्यावरून समोरच्या भिंतीकडे पाहिलं तर अंधारात कुठेतरी वीतभर खाचांची एक ओळ चढत गेलेली दिसते आणि पोटात गोळा येतो.

ही धास्ती अनाठायी नव्हती. गुहेचं शेवटचं तोंड इतकं अरुंद आहे की मोठ्या पुरात पाणी मागे तुंबतं. 1965 मध्ये ते शंभर मीटरच्या वर चढलं होतं.

एकेक धबधबा करत ते सरकत राहिले. 1890 मध्ये ते एका निश्चल पाण्यापाशी पोचले. छत पाण्याला टेकलेलं. पुढे वाट नाही. नाव ठेवलं ‘मृत तळं’. पुढच्याच वर्षी हांके वारला. वाटेत त्यांनी जे दालन ओलांडलं त्याला फ्रेंच गुहासंशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेलचं नाव आहे. लांबी 308 मीटर, उंची 146 मीटर. युरोपातल्या सर्वांत मोठ्या भूमिगत पोकळ्यांपैकी एक.

श्कोत्स्यानचा नकाशा म्हणजे या मोहिमांची हजेरी. स्वेतिनाचं दालन, श्मिडलचं दालन, रुडॉल्फचं, म्युलरचं, हांकेचा कालवा. 1904 मध्ये मात्र काही गावकरी म्युलर दालनाची साठ मीटर उंच भिंत चढून गेले आणि पलीकडे त्यांना झुंबरांनी भरलेली, नदीच्या आवाजापासून दूर असलेली कोरडी गुहा सापडली. तिला कुणाचंच नाव मिळालं नाही. तिला म्हणतात ‘शांत गुहा’.

लिथियम आणि ईल

मृत तळ्यापुढे माणूस जाऊ शकत नव्हता, पण पाणी तर जात होतं. मग पाण्याबरोबर निरोप धाडायचा, ही पुढची युक्ती.

1907 मध्ये त्रिएस्तेचा रसायनशास्त्रज्ञ ग्विदो तिमेउसने नदीच्या पाण्यात लिथियम क्लोराइड सोडलं. लिथियमची अत्यल्प मात्राही ज्योतीत धरली की वर्णपटात तांबडी रेष उमटवते. दिवसांमागून दिवस झऱ्यांचे नमुने घेतले गेले आणि तिमावोच्या पाण्यात ती रेष दिसली. स्ट्राबोने लिहिलेलं खरं ठरलं. पुढे 1920 च्या दशकात खुणा केलेले ईल मासे रेकेत सोडण्यात आले. समुद्राकडे जाण्याची उपजत ओढ असलेला हा मासा. त्यातले काही तिमावोच्या झऱ्यांवर सापडले. ज्या रस्त्याने माणूस जाऊ शकला नाही तो ईल अंधारातून पार करून आले.

पण उत्तराने नवा प्रश्न आणला. रेकेचा सरासरी प्रवाह सेकंदाला आठेक घनमीटर. तिमावोचा तीसच्या आसपास. आत गेलं त्याच्या तिपटीहून जास्त बाहेर येतं. उरलेलं पाणी पठारावरच्या पावसाचं आणि पश्चिमेच्या सोचा नदीच्या खोऱ्यातून जमिनीखालून झिरपत येणारं. म्हणजे खाली एक बोगदा नाही, पाण्याचं जाळंच आहे. तिमावो ही रेका आहे, पण नुसती रेका नाही. गुहासंशोधक एउजेनिओ बोएगानने आयुष्यभर गोळा केलेली ही सगळी माहिती 1938 मध्ये ‘इल तिमावो’ या ग्रंथात एकत्र आणली.

हाती काय लागलं

ज्यासाठी हा खटाटोप सुरू झाला, ते पाणी गुहेतून कधीच आलं नाही. 1910 मध्ये त्रिएस्तेची लोकसंख्या सुमारे 2 लाख 30 हजारांवर गेली होती; 1929 मध्ये शहराला मोठी योजना मिळाली ती तिमावोच्या परिसरातल्या झऱ्यांची. म्हणजे जिथे नदी आपण होऊन वर येते तिथेच हंडा लावला गेला. लिंडनरच्या खाणकामगारांनी फोडलेल्या विवराचा नळपाणीपुरवठ्याला काडीचाही उपयोग झाला नाही.

हाती लागलं ते वेगळंच. पाणी जमिनीखाली कसं वागतं, याचं एक शास्त्र या पठारावर घडलं. 1893 मध्ये सर्बियन भूगोलतज्ज्ञ योवान त्स्वियिचने व्हिएन्नात चुनखडीच्या भूरूपांवरचा प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्रिएस्तेमागच्या या पठाराचं नाव जगातल्या अशा प्रत्येक मुलखाचं सामान्यनाम झालं. चीनमधल्या ग्वेलिनचे डोंगर असोत की मेघालयातल्या गुहा, भूगोलाच्या पुस्तकात त्यांना कार्स्टच म्हणतात. ‘डोलिना’ हा शेतकऱ्यांचा शब्दही असाच शास्त्रात गेला. माणसांची नावं विसरली गेली. त्यांचे शब्द राहिले.

दुसरा धडा कडवट होता. या मुलखात वरचं आणि खालचं वेगळं नसतं. पहिल्या महायुद्धात तिमावोच्या उगमाशी इटली-ऑस्ट्रियाची आघाडी भिडली आणि गुहा सैनिकांचे आडोसे झाल्या. युद्धानंतर पठार इटलीकडे गेलं, 1947 नंतर युगोस्लाव्हिया आणि इटलीत वाटलं गेलं; नदी एका देशात बुडायची, दुसऱ्यात वर यायची. 1960 नंतर रेकेच्या वरच्या खोऱ्यातल्या कारखान्यांचं सांडपाणी नदीत सुटलं, तेव्हा ते श्कोत्स्यानच्या गुहेत फेसासकट शिरलं. चुनखडी पाणी गाळत नाही. वाळूसारखी ती चाळण नाही, ती सरळ मोरी आहे. वर टाकलेलं खाली जसंच्या तसं पोचतं. गाळून घ्यायला कुणी नाही, हे समजायला लोकांना आधी नदीचा रस्ता समजावा लागला. श्कोत्स्यानच्या गुहा 1986 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. पुढे वरच्या अंगाचे कारखाने बंद पडले आणि पाणी सुधारलं.

शोध थांबलेला नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दिवाचाजवळच्या काच्ना यामा, म्हणजे सापाच्या गुहेच्या तळाशी गुहावीरांना पुन्हा रेका भेटली. या विवरात पहिल्यांदा उतरणाऱ्यांत हांके आणि मारिनिच हेही होते. तिमावोच्या झऱ्यांत पाणबुडे उलट बाजूने शिरले. तरीही मृत तळ्यापासून समुद्रापर्यंत माणसाने नदी पाहिली आहे ती मोजक्याच ठिकाणी, भिंतीतल्या खिडक्यांतून डोकावावं तशी.

त्यातली एक खिडकी उघडली नोव्हेंबर 1999 मध्ये. बोएगानचं नाव धारण करणाऱ्या त्रिएस्तेच्या गुहामंडळाने लाझ्झारो येर्को नावाच्या विवरात बरीच वर्षं माती-दगड उपसला होता. शेवटची भेग फुटली आणि सुमारे तीनशे मीटर खाली ते नदीकाठी उभे राहिले. ड्रिल आलं होतं, विजेचे दिवे आले होते, नायलॉनचे दोर आले होते. पण खणायचं कुठे, हे मात्र त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच्याच पद्धतीने ठरवलं होतं. पावसाच्या दिवशी पठारावर जायचं आणि जमीन कुठून वारा सोडते ते पाहायचं.